म्हशीच्या खाली यायचं नाही

परवा माझी लेक सोफ्यावर लोळत मोबाईल बघत होती आणि मध्येच पाय झाडून हसायला लागली. दोन जगज्जेत्या मुष्टियोद्ध्यांचं भांडण चाललं होतं म्हणे. एक म्हणत होता, अमुक इतके कोटी हातावर ठेवल्याशिवाय मी रिंगमध्ये उतरणार नाही. दुसरा म्हणत होता, पैसे हा नुसता बहाणा आहे, हा मला घाबरून वर्षभर पळतोय. "मतलब आई, हा डरतोच आहे ना? नाहीतर एवढे पैसे कोण मागतं?" लेकीने विचारलं. तिचं मराठी असंच आहे, निम्मं घरातलं आणि निम्मं शाळेतलं. मी म्हटलं, घाबरतही असेल आणि मानही मागत असेल, माणूस दोन्ही एका वेळी करू शकतो. "तुला काय माहीत?" ती म्हणाली. तेव्हा मी लाटणं बाजूला ठेवलं आणि तिला सांगितलं की एकेकाळी मीही चॅम्पियन होते, तुझी आजी माझी मॅनेजर होती, आणि आम्ही एका लढतीसाठी म्हैस मागितली होती. तिने मोबाईल खाली ठेवला. असं ती क्वचितच करते, म्हणून म्हटलं, आठवतंय तोवर हे सगळं लिहूनच काढावं.

आम्ही तेव्हा जयपूरच्या जवाहर नगरमध्ये राहायचो, एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर. बाबा विमा कंपनीत अधिकारी, त्यामुळे दर चार-पाच वर्षांनी आमचं बिऱ्हाड पाठीवर. पण जयपूरला आलो आणि का कोण जाणे, बदलीचा कागद आमचा पत्ताच विसरला. खाली घरमालकीण कमलाजी राहायच्या. त्यांच्या घरात कांदा-लसणाचं नावही चालत नसे, आणि आमच्या घरात कोल्हापूरहून पार्सलने आलेल्या कांदा-लसूण चटणीशिवाय पान हलत नसे. रविवारी आई तांबडा रस्सा करायची तेव्हा सगळ्या खिडक्या बंद, दाराच्या फटीला ओला पंचा, आणि कूलरही बंद, कारण कूलरने वास खाली जातो अशी तिची समजूत होती. भर उन्हाळ्यात आम्ही तिघं घामाने निथळत, नाकाडोळ्यांतून पाणी गाळत, एकमेकांना गप्प राहण्याच्या खुणा करत रस्सा ओरपायचो. संध्याकाळी कमलाजी जिन्यात भेटल्या की हसून म्हणायच्या, "आज तो खुशबू बहुत दूर से आ रही थी." आई म्हणायची, "हाँ, मुझे भी आया." दोघींची दोस्ती मात्र घट्ट होती. कमलाजींकडून घेवर यायचे, आमच्याकडून पुरणपोळ्या जायच्या, आणि रविवार हा विषय दोघींनी कायमचा सोडून दिला होता.

आई कोल्हापूरजवळच्या एका गावातली, वस्तादाची मुलगी. तिचे वडील, म्हणजे माझे आबा, मी पाहिले नाहीत, पण ते आमच्या घरात सतत असायचे. भाकरी जाड झाली की आबांना अशी आवडायची, पातळ झाली की आबांनी ती ताटातून उचलली नसती. आईचं बोलणंही तिकडचंच राहिलं, मी येतो, मी जातो, मी सांगतो. जयपूरला येऊन ती हिंदी शिकली, पण ते हिंदी ऐकून भाजीवाला दोन मिनिटं विचार करायचा आणि मग घाबरून भाव कमी करायचा.

बॉक्सिंग माझ्या वाट्याला आलं ते एका लोखंडी गेटमुळे. कमलाजींनी झोटवाड्याच्या एका वर्कशॉपात गेट करायला दिलं होतं आणि तो माणूस आज-उद्या करत होता. बाबांना तगादा लावायला पाठवलं, बरोबर मी. वर्कशॉपचे मालक गोवर्धनजी, फौजेतून निवृत्त झालेले, मिशा दोन्ही बाजूंना वर वळवलेल्या. त्यांच्या वेल्डिंगच्या शेडमागे पत्र्याखाली एक पोतं टांगलेलं होतं, भुसा आणि चिंध्या भरलेलं, आणि दोन मुली त्याला ठोसे मारत होत्या. ग्राइंडरचा कर्कश आवाज, ठिणग्या, आणि त्यात धप धप धप. बाबा गेटबद्दल बोलत असताना मी हळूच जाऊन पोत्याला एक ठोसा मारला. मनगट मुरगळलं, डोळ्यांत पाणी आलं, आणि मला इतका आनंद झाला की मी दुसऱ्या हाताने आणखी एक मारला. गोवर्धनजी म्हणाले, "बाईसा, मुट्ठी तो ठीक से बाँधो." गेट आणखी दीड महिना आलं नाही, पण मी दुसऱ्याच दिवशी बसने परत तिकडे गेले. बाबांना वाटलं, मुलगी स्वसंरक्षण शिकतेय. आईला वाटलं, अखेर आबांचं रक्त जागं झालं. खरं सांगायचं तर मला नुसतं पोतं आवडत होतं, कारण पोतं उलटून मारत नाही.

आणि इथेच माझ्या पराक्रमाची गोम आहे. शिकायला लागून वर्षही झालं नव्हतं, तोच गोवर्धनजींनी मला राज्य पातळीच्या मुलींच्या स्पर्धेसाठी कोट्याला नेलं. मुली तेव्हा बॉक्सिंगमध्ये मोजक्याच यायच्या. माझ्या वजनगटात मिळून दोन नावं होती, एक माझं आणि एक जयपूरजवळच्या चौमूं गावातल्या कुणा मुलीचं. म्हणजे पहिलीच लढत अंतिम. मी रात्रभर झोपले नाही, आणि वजन करण्याची वेळ संपली तरी चौमूंवाली आली नाही. टेबलामागच्या साहेबांनी कागदावर काहीतरी खरडलं, माझा हात वर केला आणि गळ्यात सुवर्णपदक घातलं. मी हातमोजेही चढवले नव्हते. गोवर्धनजी त्यांच्या दुसऱ्या एका शिष्येच्या लढतीत गुंतलेले होते. परतताना त्यांनी पाठ थोपटली आणि म्हणाले, नशीबही खेळाचाच भाग असतो.

घरी पोचले तर आई दारात ओवाळायला उभी. तिने पदक हातात घेतलं, वजन करून बघितलं आणि पैलवानाच्या मुलीने विचारावा तोच प्रश्न विचारला. "कितव्या फेरीत?" मी खरं सांगणार होते. अगदी तोंड उघडलं होतं. पण तिच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं होतं की माझ्या तोंडून निघालं, "दुसऱ्या." बस, एवढा एकच शब्द. पुढचं सगळं आईने स्वतःच रचलं. संध्याकाळपर्यंत कोल्हापूरला फोन गेला तेव्हा मी दुसऱ्या फेरीत उजव्या हाताचा ठोसा दिला होता. आठवडाभराने कमलाजींना सांगताना ती मुलगी माझ्यापेक्षा हातभर उंच होती. महिन्याभराने तिला दोघांनी धरून बाहेर न्यावं लागलं होतं. पदक देव्हाऱ्यात अंबाबाईच्या फोटोला टांगलं गेलं, आणि रोज संध्याकाळी दिवा लावताना मी डोळे मिटून घ्यायचे. बघणाऱ्यांना वाटायचं, पोरगी किती भाविक.

मग एके दिवशी चौमूंहून चौधरीजी आले. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं त्यांचं दुकान होतं आणि तिथल्या जत्रेतली दंगल, म्हणजे कुस्त्यांचं मैदान, भरवायचं काम त्यांच्याकडे असायचं. पगडी, पांढराशुभ्र कुर्ता, हातात मिठाईचा डबा. यंदा कुस्त्यांबरोबर मुलींची बॉक्सिंगची एक लढत ठेवायची, राज्याची चॅम्पियन विरुद्ध आमची संतोष, अशी त्यांची कल्पना. आईने डोळे वटारले. "पोरगं? मेरी लडकी लडके के साथ नहीं लडेगी." चौधरीजी हात जोडून म्हणाले, "छोरी है बहनजी, हमारे यहाँ संतोष छोरी भी होती है." हा मुद्दा मिटला. माझा मात्र मिटला नाही, कारण कोट्याच्या कागदावर माझ्या नावासमोर हेच नाव होतं. जी आली नव्हती, ती आता येणार होती.

चौधरीजींनी देऊ केलं ते असं: एक पिपा तूप, एक शाल आणि बॉक्सिंगचे नवे बूट. मला वाटलं, आई हरखून जाईल. आई म्हणाली, "सोचके बतायेंगे," आणि त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. ते गेल्यावर तिने मला समोर बसवलं. "आबांचं एक सांगणं हुतं. पहिल्या बैठकीला हो म्हणणारा पैलवान उपाशी असतोय. तिसऱ्या बैठकीशिवाय जोड ठरवायची न्हाई. आणि इनाम कमी मागितलं तर आपला न्हाई, समोरच्याचा अपमान हुतोय. तिच्यासंगं लढायचं म्हणजे काय सोपं हाय व्हय, म्हणून जास्त मागायचं. मी सांगतो तसं बघ तू." तिच्या गावाकडे हे सगळ्यांना ठाऊक असायचं. मैदान भरवणारे यायचे, वस्ताद नाही म्हणायचे, ते रुसून जायचे, पुन्हा यायचे, आणि तिसऱ्या खेपेला पानसुपारी होऊन कुस्ती ठरायची. यात कुणी कुणाला भित्रा म्हणत नसे. अडचण एवढीच होती की चौमूंमध्ये हा रिवाज कुणालाच माहीत नव्हता.

दुसऱ्या बैठकीच्या आदल्या दिवशी मी आईच्या कानाशी लागले. आजही ते आठवलं की मला माझी लाज वाटते आणि हसूही येतं. मी म्हटलं, "आई, आबांना सगळ्यात मोठं इनाम काय मिळालं होतं?" ती म्हणाली, "म्हस. दुभती म्हस. गावातनं हलगी लावून आणली हुती." मी म्हटलं, "मग आपण म्हैसच मागू. आणि म्हशीच्या खाली यायचं नाही." आईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी आजच जन्मले. तिने माझ्यावरून हात ओवाळून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. माझा हिशोब सोपा होता: म्हैस कोणी देणार नाही, लढत होणार नाही, आणि माझा एक शब्द झाकलेला राहील.

चौधरीजी आले, पुन्हा मिठाई, पुन्हा चहा. आईने मागणी सांगितली तेव्हा त्यांनी कप बशीत ठेवला आणि विचारलं, "भैंस?" आई म्हणाली, "म्हैस. दूध देनेवाली." बाबा कोपऱ्यात पेपर वाचत होते, त्यांचा पेपर थरथरायला लागला. चौधरीजी आधी हसले, मग आई हसत नाही हे बघून उठले. जिन्यात ते कमलाजींना म्हणाले, "बच्ची डर रही है, माँ बहाना बना रही है." आई आतून ऐकून खूश झाली. "बघ, रुसून गेला. आता तिसऱ्या खेपेला येतोय." बाबांनी पेपर खाली केला. "येईल, पण म्हैस ठेवायची कुठं? गॅलरीत?" आई म्हणाली, "ते माझं मी बघतो."

तिसऱ्या खेपेला चौधरीजी आले नाहीत, बातमी आली. एका स्थानिक हिंदी पेपरच्या आतल्या पानावर चौकटीत छापलं होतं: चॅम्पियनने लढण्यासाठी मागितली म्हैस, चौमूंच्या संतोषला टाळण्याचा आरोप. त्यानंतरचे पंधरा दिवस मी विसरणार नाही. मी ट्यूशनला निघाले की गच्चीवरून कुणीतरी रेकायचं. कचोरीवाल्याने मला पुडी देताना विचारलं, "चारा भी बाँध दूँ?" वर्गातल्या मुलींनी माझ्या बाकावर गवताची पेंडी ठेवली. झोटवाड्याला गेले तर तिथे वेल्डिंग करणारे सगळे काळे चष्मे वर करून माझ्याकडे बघायला लागले, आणि गोवर्धनजींनी पोत्याकडे बोट दाखवून एवढंच म्हटलं, "गई भैंस पानी में. चलो, प्रैक्टिस करो." मी रडतही होते आणि हसतही होते. मनातून एक मोठी सुटकाही वाटत होती, आणि तीच सगळ्यात जास्त टोचत होती. लोक मला भित्री म्हणत होते, आणि मला एकटीलाच ठाऊक होतं की ते बरोबर बोलत आहेत.

मग एका रविवारी दुपारी आम्ही खिडक्या बंद करून जेवायच्या तयारीत होतो. खाली गाडीचा हॉर्न वाजला, मग पुन्हा वाजला, आणि मग असा एक आवाज आला की बाबांच्या हातातली वाटी खाली पडली. तो रेकण्याचा आवाज होता, पण यावेळी माणसाचा नव्हता. आम्ही खिडकी उघडली. गेटसमोर पिकअप उभी, पिकअपमध्ये म्हैस, आणि म्हशीच्या मानेवर हात टाकून एक उंच, काटकुळी मुलगी, दोन वेण्या, पंजाबी ड्रेसवर भावाचा असावा असा टी-शर्ट. चालवणारे तिचे वडील खाली मान घालून बसले होते. त्या मुलीने वर बघून हाक मारली, "आंटीजी, भैंस ले आई हूँ! भूरी नाम है. हमारे घर की है. अब तो लड़ाई होगी ना?"

पाच मिनिटांत सगळी कॉलनी गोळा झाली. भूरीला फळी लावून खाली उतरवलं. तिने आधी चारी दिशांना पाहून घेतलं, मग कमलाजींच्या मोगऱ्याची कुंडी अर्धी संपवली. कमलाजी ओरडायच्या ऐवजी कुंकू आणायला आत धावल्या, घरी गाय-म्हैस आली म्हणून. आई पदर खोचून जिना उतरली, आणि मी तिला तसं त्याआधी आणि त्यानंतर कधी पाहिलं नाही. तिने म्हशीचे दात पाहिले, कासेवरून हात फिरवला, शिंगं मोजली, पाठीवर थाप मारली. जयपूरच्या त्या आखीव सेक्टरात ती दहा मिनिटं आपल्या गावात उभी होती. मग ती संतोषकडे वळली. "कितना देती?" "दोनों टाइम का मिलाके बारह लीटर." "और तुम ये हमको देगी? जीतने के वास्ते?" संतोष म्हणाली, "जीतूँगी तो वापस ले जाऊँगी." सगळी कॉलनी हसली. तिचे वडील हसले नाहीत. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती मुलगी घरातलं दूधदुभतं पणाला लावून माझ्या दारात उभी आहे, आणि मी एका खोट्या शब्दामागे लपले आहे.

उन्हाचे आलेले पाहुणे, आईने त्यांना वर नेलंच. रस्सा त्यांना चालणार नव्हता, म्हणून तिने घाईने पिठलं टाकलं, भाकऱ्या थापल्या. संतोष मांडी घालून जेवत होती, तिच्या बोटांवर चारा कापताना झालेल्या जखमांच्या रेघा होत्या. पिठलं तिला फार आवडलं. तिने तिसऱ्यांदा घेतलं आणि अगदी सहज, जराही आकस न ठेवता म्हणाली, "कोटा में ही हो जाती हमारी लड़ाई, आंटीजी. रास्ते में जीप खराब हो गई, वजन का टाइम निकल गया. दीदी को बिना लड़े मेडल लेना पड़ा, इनको भी कितना बुरा लगा होगा."

 तव्यावर भाकरी होती, ती करपल्याचा वास यायला लागला. आईने गॅस बंद केला, हात धुतले, पदराला पुसले. मग ती माझ्याकडे न बघता, अगदी हळू आवाजात मराठीत म्हणाली, "कितव्या फेरीत म्हणाली हुतीस?"  ती आत गेली आणि अंबाबाईच्या फोटोवरचं पदक घेऊन आली. ते तिने संतोषच्या वडिलांसमोर ठेवलं. "म्हैस तुम्हारी वापस लेके जाव. इनाम हम रखेंगे. ये. जो जीतेगी उसका." आणि मग माझ्याकडे वळून, "आबा म्हणायचे, न लढता घेतलेलं इनाम पचत न्हाई."

त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. खलबत्त्यात शेंगदाणे कुटायची, कुटलेलेच पुन्हा कुटायची. कोल्हापूरला फोन करून तिने मावशीला सगळं खरं सांगितलं, मी दाराआड उभी राहून ऐकलं. तो फोन तिला किती जड गेला असेल हे मला आता कळतं, मला स्वतःला लेक झाल्यावर. तेव्हा मला फक्त वाटलं की धरणी पोटात घेईल तर बरं. तिसऱ्या दिवशी मी झोटवाड्याच्या बसमध्ये चढले तर मागून आई चढली, हातात छत्री आणि डबा. वर्कशॉपात तिने गोवर्धनजींकडून एक स्टूल मागून घेतलं आणि पत्र्याखाली बसली. जत्रेपर्यंत ती रोज आली. बॉक्सिंगमधलं तिला काही कळत नव्हतं, तरी ती सूचना द्यायची, आणि गोवर्धनजी सगळ्या सूचनांना "जी, बिल्कुल" म्हणायचे. एकदा परतताना बसमध्ये मी तिला म्हटलं, "आई, मला भीती वाटते. खूप वाटते." मला वाटलं, ती चिडेल. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आबांना पण वाटायची. कुस्तीच्या आधी तीन-तीनदा परसाकडं जायचे. आम्हाला सांगून ठिवलेलं, कुणाला बोलायचं न्हाई." मग तिलाच हसू फुटलं, मलाही फुटलं, आणि कंडक्टर आमच्याकडे बघत राहिला. पंधरा वर्षं घरात वावरणारे आबा मला त्या दिवशी पहिल्यांदा आवडले.

जत्रेच्या दिवशी चौमूंला पाऊल ठेवायला जागा नव्हती. गोवर्धनजींनी पाइप जोडून आणि दोऱ्या ताणून केलेली रिंग ट्रॉलीवरून नेली होती, खाली गवताच्या पेंढ्या आणि त्यावर ताडपत्री. भजी तळल्याचा वास, पिपाण्या, उंटाच्या गळ्यातली घुंगरं. चौधरीजी माईकवरून सांगत होते की आता ती मशहूर लड़ाई, ज्यात भैंस नहीं मिलेगी. लोक खदखदून हसले. बाबांनी रजा टाकली होती आणि विम्याचा अर्ज भरावा तशा काळजीने ते माझ्या हेडगार्डचे पट्टे तपासत होते. कमलाजी आल्या होत्या, डोळे झाकून घ्यायला तयार. मी त्या सकाळी आबांपेक्षा दोनदा जास्त जाऊन आले होते.

पहिल्या फेरीत संतोषने मला कुठून मारलं तेच मला दिसलं नाही. तिचा डावा हात लांब होता, तो येतच राहायचा. नाकात मिरची गेल्यासारखं झालं, डोळे भरून आले, मी एका खांबाला टेकले. आणि तिथे टेकलेली असताना एक मोठी मजेची गोष्ट माझ्या ध्यानात आली: मला लागलं होतं, आणि मी अजून उभी होते. वर्षभर ज्याची धास्ती घेतली ते होऊन गेलं होतं आणि ते एवढंच होतं. मला त्या खांबाला टेकल्या टेकल्या हसू आलं. दुसऱ्या फेरीत मी तिच्या अंगावर गेले. मला तीन बसले, पण माझा एक बसला, उजव्या हाताचा, नीट हनुवटीवर. तिच्या वेण्या हलल्या. ती थबकली, मग तिनेही दात दाखवून हसून मान हलवली, छान होता म्हणून. तिसऱ्या फेरीत आम्ही दोघी जवळजवळ हसतच मारत होतो. लोक कुणाच्या नावाने ओरडत होते ते मला कळत नव्हतं, आणि घंटा वाजली तेव्हा मला वाटलं, इतक्यात?

पंचाने संतोषचा हात वर केला. त्यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. बाबांनी आणलेलं पदक मी स्वतः तिच्या गळ्यात घातलं. तिने मला मिठी मारली आणि तिच्या घामाला चाऱ्याचा वास येत होता. मी खाली उतरले, माझा ओठ सुजला होता, एक डोळा मिटत चालला होता, आणि मला हसू आवरत नव्हतं. गोवर्धनजी घाबरले, डोक्याला मार लागला की काय म्हणून त्यांनी माझ्यासमोर बोटं धरली आणि किती आहेत विचारलं. मी आणखीच हसले. आई गर्दीतून वाट काढत आली, तिचा पदर सुटला होता, आवाज बसला होता. तिने ओल्या फडक्याने माझं तोंड पुसायला घेतलं.

"हरलीस आणि हसतीस काय येड्यासारखी?"

मी म्हटलं, "आई, मी पळाले नाही."

"पळतीस कुठं?" ती माझा ओठ पुसत म्हणाली. तिचे डोळे भरून वाहत होते आणि तिला ते पुसायचं भान नव्हतं. "चारी बाजूंनी दोऱ्या बांधल्यात की."